मस्टरवरचे कवी

एखादा माणूस कवी आहे असं कळलं की समोरचा मराठी माणूस आधी "अरे वा!" म्हणतो, मग जरा थांबतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "आणि एरवी काय करता?" घरात कुणाला साखर निघाली हे ऐकल्यावर जो आवाज लागतो, अगदी तोच. विचारणारे मुलीचे वडील असले तर प्रश्नाला आणखी धार येते. "बँकेत आहे" असं उत्तर आलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो. मग कविता हा छंद ठरतो, लग्नानंतर सुटण्यासारखा. "पूर्ण वेळ लिहितो" असं उत्तर आलं, तर कांदेपोह्यांची बशी अर्ध्यावरच राहते.

मुलीच्या वडिलांचं काही चुकत नाही. कवितासंग्रहाच्या प्रती निघतात मोजक्या. त्यातल्या बऱ्याचशा कवी स्वतःच सही करून वाटतो आणि ज्यांना वाटतो ते न वाचताच "छान झालाय" असं कळवून मोकळे होतात. यातून घराचा हप्ता फिटल्याचं ऐकिवात नाही. मराठी साहित्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी राजाश्रयावर लिहिलं, लोकाश्रयावर लिहिलं. हजेरीपटाश्रयावरचं प्रकरण तेवढं राहून गेलं. दहाला मस्टरवर सही, साडेपाचला सुटका आणि मधे साहेबांची पाठ वळली की एखाद्या रद्द झालेल्या परिपत्रकाच्या कोऱ्या बाजूला दोन ओळी. मराठीतलं पुष्कळ चांगलं लेखन त्या कोऱ्या बाजूवर झालेलं आहे.

"एरवी काय करता?" या प्रश्नाचं सगळ्यात जुनं आणि सुरक्षित उत्तर म्हणजे "शिकवतो." केशवसुत मास्तर होते. इंदिरा संत बेळगावात शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयात होत्या. विंदा करंदीकर प्राध्यापक, वसंत बापट प्राध्यापक, नागपुरात ग्रेस प्राध्यापक. राम गणेश गडकरी किर्लोस्कर नाटक मंडळीत पोरांना शिकवायला होते. पुढे त्यांनीच 'बाळकराम' हे नाव घेऊन 'कवींचा कारखाना' लिहिला आणि घाऊक कवींची यथेच्छ टर उडवली. मास्तरकीत कवीला दोन गोष्टी मिळतात. पहिली, मधेच उठून जाता न येणारे श्रोते. दुसरी, सुट्टी.

सुट्टीचं मोल कमी समजू नये. पुण्यात विसाच्या दशकात काही कवी दर रविवारी चहाला जमू लागले. माधव ज्यूलियन, गिरीश, यशवंत अशी ही मंडळी. कुणी कॉलेजात, कुणी शाळेत, कुणी कचेरीत. त्यातून १९२३ च्या सुमारास रविकिरण मंडळ उभं राहिलं. म्हणजे मराठी कवितेतली एक अख्खी चळवळ साप्ताहिक सुट्टी आणि चहा या दोन गोष्टींवर उभी आहे. त्या वेळी सुट्टीचा वार बुधवार असता तर नाव काय पडलं असतं कुणास ठाऊक! या काळातल्या कवितेची हुबेहूब नक्कल करून तिची फटफजिती करणारं 'झेंडूची फुले' १९२५ मध्ये आलं. ते लिहिणारे केशवकुमार, म्हणजे प्रल्हाद केशव अत्रे, हेही एका शाळेचे मुख्याध्यापकच. गुन्हेगारही शिक्षण खात्यातले आणि फौजदारही.

मास्तरकीनंतरचा मोठा यजमान म्हणजे आकाशवाणी. मर्ढेकर, पु. ल. देशपांडे, पाडगावकर, चिं. त्र्यं. खानोलकर, सगळ्यांनी कधी ना कधी तिथं मीठ खाल्लं. यातली मर्ढेकरांची गोष्ट सरकारी नोकरांना विशेष आवडावी. विलायतेत जाऊन आयसीएसचा प्रयत्न केला, ते जमलं नाही. मग मास्तरकी करून रेडिओत लागले. १९४७ मध्ये 'काही कविता' आली आणि पुढच्या वर्षी मुंबई सरकारनं त्यातल्या कवितांवर अश्लीलतेचा खटला भरला. १९५२ मध्ये ते निर्दोष सुटले. तोवर एक सरकार दर महिन्याला पगार देत होतं आणि दुसरं तारखा देत होतं. यंत्रयुगात माणसाचं कसं चिपाड होतं हे ज्यानं मराठी कवितेत आणलं, त्याच्यासाठी दोन सरकारी यंत्रांनी मिळून एवढी खास सोय करावी, हे आता मागे वळून पाहताना फार नेमकं वाटतं. त्या वेळी त्यांना किती नेमकं वाटलं असेल, ते वेगळं.

रेडिओनं कवींना पगार दिला, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वेळापत्रक दिलं. प्रतिभा स्वयंभू असते वगैरे ठीक आहे, पण शुक्रवारी सकाळी गाणं वाजायचं असेल तर तिला गुरुवारी यावंच लागतं. पुणे आकाशवाणीवर सीताकांत लाडांच्या पुढाकारानं गीतरामायण सुरू झालं ते १ एप्रिल १९५५ या रामनवमीच्या दिवशी. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. आठवड्याला एक नवं गाणं, वर्षभर. वर्षाचे आठवडे बावन्न, गाणी मात्र छप्पन्न झाली. कारण त्या वर्षी अधिक महिना होता. जगात ओव्हरटाइम लावणारे साहेब पुष्कळ झाले, पण थेट पंचांगानं चार आठवड्यांचं जादा काम लावलेला कवी हा एकटाच असावा.

पहिल्याच गाण्याची गोष्ट पुण्यात अजून रंगवून सांगतात. ऐन वेळी गाण्याचा कागद हरवला. गदिमा भडकले, पुन्हा लिहायला तयार होईनात. तेव्हा लाडांनी त्यांना एका खोलीत बसवून बाहेरून कडी घातली आणि थोड्या वेळानं दार उघडलं तर गाणं तयार. गोष्टीत सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतो, कडी मात्र कायम राहते. गदिमांना हे नवं नव्हतंच. दीडशेच्या घरात चित्रपटांच्या कामात त्यांची लेखणी होती. शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ'ची कथा-पटकथा त्यांचीच. सेटवर लाइट लावून माणसं खोळंबली आहेत आणि कवी बाकावर मांडी घालून कडवं पुरं करतोय, हा त्यांच्या धंद्यातला रोजचा मामला होता. आज लेखनाच्या कार्यशाळांमधून 'आतून यायला हवं' हे शिकवतात. कडी बाहेरून लावायची असते, ते शिकवायचं राहून जातं.

सिनेमाचं नाव निघालं म्हणून सांगायचं, तर तिथं "एरवी काय करता?" या प्रश्नाची उत्तरं पहिल्या दिवसापासून घोटाळ्याची आहेत. धुंडिराज गोविंद फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडन गाठलं, कॅमेरा आणला आणि भांडवलदाराला पटवण्यासाठी आधी एक छोटी फिल्म बनवली. विषय काय, तर कुंडीत लावलेल्या वाटाण्याची वाढ. दिवसामागून दिवस वाटाण्यासमोर कॅमेरा लावून बसलेला चाळिशी ओलांडलेला, संसारी, मुलाबाळांचा माणूस शेजाऱ्यांनी पाहिला असेल, तेव्हा त्यांनी मनात कोणतं निदान केलं असेल हे सांगायला नको. पण वाटाणा वाढला, भांडवल मिळालं आणि 'राजा हरिश्चंद्र'ची तयारी सुरू झाली.

तारामती मिळेना. कुठलीच बाई पडद्यावर यायला राजी नव्हती. शेवटी एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या सडपातळ तरुणाला उचलून तारामती केलं. भारतीय चित्रपटातली पहिली नायिका एरवी काय करायची? स्वयंपाक. हे उत्तर त्या काळात कुठल्याही बाईला शोभलं असतं. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले. राम-सीतेचा एकमेकांशी इतका एकोपा मराठी पडद्यावर पुन्हा दिसला नाही.

आणि खरा कारखाना चालत होता दादरच्या घरात, सरस्वतीबाई फाळक्यांच्या जिवावर. दागिने त्यांनी दिले. साठ-सत्तर माणसांचं जेवण त्या रांधायच्या. रात्री अंधारात कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडायच्या, फिल्म धुवायच्या, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवायच्या. आज सिनेमा संपल्यावर पडद्यावर नावं सरकतात तेव्हा एवढ्या कामांना डझनभर नावं लागतात आणि जेवणवाल्याचं नाव शेवटी येतं. सरस्वतीबाईंना कुणी "एरवी काय करता?" विचारलं नसणार. बाईला एरवी नसतेच.

सिनेमात काम करणं तेव्हा इतकं लाजिरवाणं होतं, की लोकांनी विचारलं तर "हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहे" असं सांगा, असा फाळक्यांनी आपल्या माणसांना सल्ला दिला होता. फॅक्टरी म्हटल्यावर कुणी पुढे काही विचारत नसे. पगार असणार, भोंगा असणार, मुलगी द्यायला हरकत नाही. परेश मोकाशींनी २००९ मध्ये फाळक्यांवर सिनेमा काढला, त्याचं नाव हेच ठेवलं. पण खरं म्हणजे या नावावर हक्क सांगावा अशी माणसं अजून अंधेरीच्या एकेका कॉफीच्या दुकानात बसलेली असतात. गावाकडून आईचा फोन आला की "ऑफिसात आहे" म्हणतात. समोर लॅपटॉपवर तिसऱ्या भागाचा चौथा खर्डा आणि एकच कॉफी सकाळपासून.

दादासाहेब फाळक्यांच्या नाशिकच्या एका तरुणानंही सिनेमात नशीब काढून पाहिलं. गोदावरी सिनेटोनच्या 'सती सुलोचना'त त्यानं लक्ष्मणाचं काम केलं. त्याचं नाव विष्णू वामन शिरवाडकर. लक्ष्मणरेषा तिथंच आखली गेली हे बरं झालं. नाहीतर ज्ञानपीठाच्या यादीत मराठीची एक जागा कमी झाली असती आणि २७ फेब्रुवारीला आपण मराठी भाषा गौरव दिन कुणाच्या जन्मदिवसाला करत बसलो असतो?

शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'नं १९७० मध्ये ज्याला सम्राट केलं, तो नट कान-नाक-घशाचा सर्जन होता. डॉ. श्रीराम लागूंनी पुण्यात आणि टांझानियात शस्त्रक्रिया केल्या आणि चाळिशी ओलांडल्यावर नाटकासाठी डॉक्टरकी सोडली. हे एकच उदाहरण असतं तर अपवाद म्हणता आला असता. पण डॉ. काशीनाथ घाणेकर दंतवैद्य, डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. मराठी रंगभूमीवर एखाद्या प्रेक्षकाला प्रयोगात भोवळ आली, तर "इथे कुणी डॉक्टर आहे का?" असं विचारायला प्रेक्षागृहाकडे वळण्याची गरज नव्हती. शांताबाई शेळक्यांनी गीतलेखनासाठी टोपणनाव घेतलं ते 'डॉ. वसंत अवसरे'. बाई प्राध्यापक. पण मराठीत कलावंत म्हटला की नावाआधी डॉक्टर असलेला बरा, हे त्यांनाही जाणवलं असावं.

या सगळ्या उद्योगांची गंमत पाहायची तर १९७५ चा 'सामना' पाहावा. निर्माते रामदास फुटाणे, म्हणजे चित्रकलेचे शिक्षक आणि वर कवी. दिग्दर्शक जब्बार पटेल, त्या काळात दौंडला लहान मुलांचा दवाखाना. लेखक विजय तेंडुलकर, वर्तमानपत्राच्या कचेऱ्यांतून घडलेले. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा झालेत निळू फुले, जे पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होते. आणि त्यांच्यासमोर उभा राहणारा दारूडा मास्तर म्हणजे डॉ. लागू. मास्तरानं पैसे घातले, बालरोगतज्ज्ञानं दिग्दर्शन केलं, सर्जन मास्तर झाला आणि माळी कारखानदार. सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेला. तिथल्या मंडळींना या लोकांचा मूळ व्यवसाय सांगितला असता, तर त्यांनी हा महाराष्ट्रातल्या एखाद्या पंचायत समितीचा वार्षिक अहवाल समजला असता.

निळूभाऊंच्या नजरेतला तो थंड, मुरलेला मग्रूरपणा पाहून खेड्यापाड्यांतल्या बायका त्यांना खरोखर शिव्या घालायच्या. झाडांची निगा राखणारा, सेवादलात वाढलेला हा माणूस. बागेत काम करणाऱ्याला साहेब लोक जवळून, बिनधास्त दिसत असतील, कारण माळ्यासमोर कुणी वागणं आवरत नाही. अभिनयाची एवढी चांगली शाळा दुसरी कुठली असणार?

इथं नोकरी आणि कला यांच्यातलं फाटक उघडंच पडतं. नारायण सुर्व्यांनी गिरणीत काम केलं, शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक झाले, आणि पुढे संग्रहाला नाव दिलं 'माझे विद्यापीठ'. त्यांना सुट्टीत कविता सुचली नाही, कामावर सुचली. ना. धों. महानोर पळसखेडला शेती करत राहिले. 'जैत रे जैत'ची गाणी लिहिली, विधान परिषदेत जाऊन आले आणि पुन्हा वावरात उभे. बहिणाबाई चौधरींना तर कागदही लागला नाही. जात्यावर दळता दळता ओव्या झाल्या, मुलानं आणि आप्तांनी त्या टिपून ठेवल्या, आणि बाई गेल्यावर १९५२ मध्ये पुस्तक निघालं. मुलगा सोपानदेव स्वतः नावाजलेला कवी. पुढे तो बहिणाबाईंचा मुलगा म्हणून ओळखला जाऊ लागला. कवी मुलाच्या आईला लोक एरवी "मुलगा काय करतो?" विचारतात. इथे उलटं झालं.

सगळेच असे भाग्यवान नसतात. खानोलकरांनी मुंबईला येण्याआधी कुडाळात खानावळ चालवली. आरती प्रभू या नावानं कविता लिहिणारा माणूस उधारीची वही सांभाळतोय, हे चित्रच मुळात बरं नाही. कवीला उधारी मागता येत नाही आणि गिऱ्हाइकाला ते पहिल्या दिवशी कळतं. खानावळ अर्थातच टिकली नाही.

या बाबतीत सगळ्यात हुशारीनं संसार केला तो अरुण कोलटकरांनी. जे. जे. मध्ये शिकलेला हा माणूस जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक होता, तोही असातसा नव्हे; त्या धंद्यातला सर्वोच्च मान त्यानं मिळवला. जाहिरातीत आजचं काम कालच हवं असतं. कवितेत त्यानं याचा वचपा काढला. जेजुरीला गेला साठीच्या दशकाच्या सुरुवातीला, पुस्तक आलं १९७६ मध्ये. साबणाच्या वडीची जाहिरात बारा वर्षं अडकवून ठेवली असती, तर साबण आणि कंपनी दोन्ही विरघळले असते. 'जेजुरी'ला दुसऱ्या वर्षी राष्ट्रकुलातला कवितेचा पुरस्कार मिळाला, मराठी संग्रहही त्याच वर्षी आला, आणि मग हे गृहस्थ पुन्हा काळा घोड्याजवळच्या वेसाइड इनमध्ये खिडकीशी जाऊन बसले. घरी फोन नाही. भेटायचं असेल तर गुरुवारी तिथं या. मुंबईत दुसऱ्याच्या वेळेवर न चालणारे लोक फार थोडे. त्यात जाहिरातवाला म्हणजे आश्चर्यच. पुढची मोठी पुस्तकं आली ती पार २००३-०४ मध्ये. 'भिजकी वही'ला साहित्य अकादमी मिळालं, तेव्हा ते नव्हते.

आजचा मराठी कवी हिंजवडीत असतो. त्याच्या गळ्यात पट्टा असतो, पट्ट्यावर फोटो असतो आणि फोटोतला माणूस कविता करत असेल असा संशय एचआरला येत नाही. मस्टर गेलं, अंगठा आला, आता चेहरा दाखवून दार उघडतं. टीम मीटिंगमध्ये कॅमेरा बंद आणि माईक म्यूट ठेवला की वृत्तात एक ओळ बसते. परिपत्रकाच्या कोऱ्या बाजूची जागा फोनमधल्या नोट्सनी घेतलीय, एवढाच फरक. ऑगस्टपर्यंत दिवाळी अंकांना कविता धाडायच्या, सप्टेंबरात अप्रेझल, आणि दोन्हीकडून येणारं उत्तर एकसारखंच असतं: यंदा अंकाची पानं कमी आहेत, यंदा बजेट कमी आहे.

कविसंमेलनाचं आमंत्रण मात्र येतं. शुक्रवारी अर्धी रजा टाकून, घरगुती कारण सांगून, कवी तालुक्याच्या गावी पोचतो. स्वागताध्यक्षांचं भाषण तासभर चालतं, कवीच्या वाट्याला पाच मिनिटं येतात. मानधनाचं पाकीट स्टेजवर उघडून पाहता येत नाही आणि घरी उघडून पाहून उपयोग नसतो. शाल आणि नारळ तेवढे सगळ्यांसमक्ष मिळतात. नारळाचं घरात काहीतरी होतं, चटणी तरी होते. शालीचं काय करायचं? मराठी मुलुखात वर्षातले दहा महिने ती पांघरण्याची सोय नाही. मग गृहिणी अशा शाली घडी करून कपाटात ठेवते आणि कुणाचा सत्कार निघाला की त्यातलीच एक पुढे करते. तो सत्कारमूर्तीही कवीच असतो, त्याच्याही घरात कपाट असतं. अशी एखादी शाल तीन-चार सत्कार करून मूळ मालकाच्याच खांद्यावर परत येते. ती आपलीच हे कवीला ताबडतोब कळतं, कारण तिच्या कोपऱ्यावर इस्त्रीचा तपकिरी डाग असतो. मधल्या काळात घरी ती ऑफिसच्या शर्टांना इस्त्री करताना टेबलावर अंथरायला घेतलेली असते.